डिमेन्शियाच्या रुग्णाची रात्र कशी सांभाळावी

रात्री तीन-सव्वातीनला आमच्या पुण्यातल्या धनकवडीच्या फ्लॅटची कडी खडखडायची. दारात अण्णा, माझे सासरे. त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात एकच चप्पल. "डेपोत जायचंय, पहिली गाडी माझी आहे." अण्णा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, ड्रायव्हर होते. पीएमटीची पीएमपीएमएल झाली २००७ साली, आणि अण्णा त्याच्याही आधी निवृत्त झालेले. पहिले दोन महिने आम्ही रात्रीचा प्रश्न रात्रीच सोडवायला बघत होतो: दार अडवून, समजावून, शेवटी ओरडून. फरक पडला तो आमचा दिवस बदलल्यावर. म्हणून खालची बरीचशी कामं दिवसाउजेडी करायची आहेत.

आधी आठ दिवस फक्त लिहा

एक साधी वही घ्या. किती वाजता जाग आली, उठल्यावर काय म्हणाले, लघवीला गेले का, दुपारी किती झोपले, शेवटचा चहा कधी, पोट साफ झालं का, कोणती गोळी किती वाजता. एवढंच लिहा. आमच्या वहीत चौथ्या दिवशीच दिसलं की अण्णा आधी बाथरूम शोधतात, ते सापडलं नाही की मग डेपो आठवतो. म्हणजे मूळ दुखणं ड्यूटीचं नव्हतंच, लघवीचं होतं. घरातल्या घरात "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्यांचंही पुष्कळदा असंच असतं. शब्द एक, अडचण दुसरीच.

एक गोष्ट मात्र वहीसाठी थांबवू नका. काल-परवापर्यंत बरी झोपणारी व्यक्ती एक-दोन दिवसांतच खूप भ्रमिष्टासारखी वागायला लागली, किंवा गुंगीत राहायला लागली, तर तो डिमेन्शिया वाढल्याचा प्रकार समजू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं, कुठेतरी दुखणं किंवा नवीन औषध यांपैकी काही असू शकतं. म्हाताऱ्या माणसांत संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा

सगळी औषधं न्या, दुकानातून आपणहून आणलेलीसुद्धा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या डिमेन्शियात गोंधळ वाढवतात. ब्लडप्रेशरसाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रभर फेऱ्या होणारच. स्मरणशक्तीसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल रात्री घेतल्यावर काहींना झोप लागत नाही किंवा भडक स्वप्नं पडतात. ते सकाळी घेतलेलं चालेल का, हे विचारा. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि झोपेच्या गोळीचा हट्ट धरू नका. मीही धरला होता. त्या गोळ्यांनी तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडलं की मग रात्र सोडाच, दिवसही गेला. आक्रमकपणासाठीची काही औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली तसा ठळक इशारा दिला. कधीकधी ती द्यावीही लागतात, पण कमीत कमी मात्रेत आणि किती दिवस द्यायची ते विचारून. ल्युई बॉडी नावाच्या प्रकारचा डिमेन्शिया असेल तर यातली हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार जड जातात. निदान झालं असेल तर दवाखान्यात गेल्या गेल्या हे आधी सांगा.

सकाळचा उजेड, दुपारचं काम

झोप-जागेचं घड्याळ मेंदूच्या आत खोलवर, हायपोथॅलॅमसमधल्या एका इवल्या पेशीपुंजात असतं, आणि त्याला किल्ली देतो तो डोळ्यांतून येणारा उजेड. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात हा भागही झिजतो. त्यात मोतीबिंदू असला तर उजेड आणखी कमी पोचतो. म्हणून चहा-आंघोळ झाली की सकाळी अर्धा-पाऊण तास बाल्कनीत किंवा सोसायटीच्या बाकावर बसवा. पुण्यात डिसेंबरात सकाळी चांगलीच थंडी असते, तेव्हा ऊन चढल्यावर. पावसाळ्यात महिना-महिना सूर्य दिसत नाही. मग खिडकीपाशी खुर्ची आणि घरातले सगळे दिवे चालू. वीजबिलाचं नंतर बघू.

दुपारची झोप जेवणानंतर अर्धा तास, तीनच्या आत. उठवायला जिवावर येतं, कारण तोच आपल्याला मिळालेला एकमेव मोकळा वेळ असतो. पण तो अर्धा तास अडीच तासांवर गेला की त्याची वसुली रात्री होते. त्यापेक्षा हाताला काम द्या: मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, फुलवाती, टॉवेलच्या घड्या. घडी वाकडी झाली तर झाली. अण्णांना आम्ही जुनी सुटी नाणी लावायला देतो.

चहाबद्दल घरोघरी भांडण होणार, हे गृहीत धरून सांगते. शेवटचा खरा चहा साडेतीनला. कॅफिनचा अर्धा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या कपात पत्तीशिवाय गवती चहा, आलं, दूध. कप तोच, बशी तीच. अण्णांनी पहिले दोन दिवस "हा काय काढा?" म्हणून नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी बशीत ओतून प्यायले.

दिवेलागणीच्या आधीच दिवे लावा

ऊन कलायला लागलं की घालमेल सुरू होते. दिवसभराचा थकवा, लांबलेल्या सावल्या, घरी परतणाऱ्यांची गडबड, कुकरच्या शिट्ट्या, सगळं एकदम अंगावर येतं. अंधार पडायच्या आत दिवे लावा, पडदे ओढा. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि "तो माणूस कोण उभा आहे?" सुरू होतं. आरशावरही टॉवेल टाकावा लागला तर टाका. टीव्हीवरची आरडाओरड बंद. लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रं, परवचा असं काही असेल तर ते म्हणा. मुलाचं नाव न आठवणारी माणसं ते बिनचूक म्हणतात.

जेवण साडेसातच्या सुमारास, हलकं. पाणी दिवसभर भरपूर, जेवणानंतर घोट-दोन घोट. रात्री उठू नयेत म्हणून दिवसभराचं पाणी तोडू नका.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि विसर्जन मिरवणूक तर चोवीस तासांवर जाते. तेवढ्यापुरतं नातेवाइकांकडे हलवणं बहुतेकदा अंगाशी येतं, कारण नव्या जागेत गोंधळ वाढतो. रस्त्यापासून सर्वांत लांबची खोली, बंद खिडकी आणि पंख्याचा आवाज बरा.

वाट आणि दार

पलंगापासून संडासापर्यंत पिवळसर झिरोचे दिवे. संडासाचं दार उघडं, आत दिवा चालू. वाटेतली पायपुसणी काढा. गडद रंगाचं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं दिसू शकतं. पायजम्याला नाडी नको, इलॅस्टिक. झोपण्यापूर्वी एकदा लघवीला न्या. गॅसचा रेग्युलेटर बंद.

बाहेरच्या दाराला नजरेच्या वर कडी आणि उघडताच वाजणारी घंटा लावा. पण माणसाला एकटं आत कोंडून कधीही जाऊ नका. आग लागली तर काय, एवढा विचार पुरे. बाहेर जायची आठवण करून देणाऱ्या वस्तू नजरेआड ठेवा, असं सगळे सांगतात. आम्ही अण्णांची ड्यूटीची पिशवी माळ्यावर टाकली, तर ते रात्रभर तीच शोधत बसले. पिशवी परत खुंटीवर आली, चप्पल मात्र लपलेली राहिली. तुमच्याकडे उलटं होईल. करून बघा.

खिशात नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, मोबाइलमध्ये ताजा फोटो हवा. बाहेर निघून गेलेच तर जिना, गच्ची, पार्किंग पटकन बघा आणि लगेच ११२ लावा. चोवीस तास थांबायची काही अट नसते.

उठलेच तर

ट्यूबलाइट लावू नका. समोरून जा, हळू आवाजात आपलं नाव सांगा. "पुन्हा उठलात?" हे तोंडातून येऊ देऊ नका. माझे मिस्टर सुरुवातीला सांगायचे, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात." अण्णांसाठी ती दर रात्री नवी बातमी असायची, आणि नोकरी गेल्याचं दुःखही दर रात्री नवं. आता आमचं बोलणं असं असतं:

"अण्णा, मी तुमची सून. काय झालं?"

"पहिली गाडी आहे."

"आज तुमचा ऑफ आहे ना? आधी बाथरूमला जाऊन येऊ."

हे खोटं बोलणं आहे, मान्य. तीन वाजता मला ते चालतं.

मग क्रमाने बघा: लघवी, थंडी, भूक, कुठे दुखतंय का. अर्धा कप कोमट दूध, एखादी खारी. तरी झोप नसेल तर बळजबरीने झोपवू नका, खोलीत फेऱ्या मारू द्या. अंगावर धावून आले तर हात धरू नका. दोन पावलं मागे या, वाट मोकळी सोडा.

तुमची झोप

दोघं असाल तर रात्र वाटून घ्या. एकाने दहा ते दोन, दुसऱ्याने दोन ते सहा, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत. दोघांनी मिळून जागायचं नाही. लांबचे भाऊ-बहीण पैसे पाठवतात आणि सल्लेही. त्यांच्याकडे महिन्यातल्या चार रात्री मागा, तारखा ठरवून. येणं शक्य नसेल तर त्या रात्री सोबतीला ठेवलेल्या बाईंचा पगार. मन फार खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन नंबर जवळ असू द्या.

रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून रात्रीच्या मावशी आल्या की पहिल्याच संध्याकाळी त्यांना घर दाखवा आणि फ्रिजवर कागद लावा. आमच्या कागदावर चार ओळी आहेत: बाथरूमचा दिवा बंद करायचा नाही. वाद घालायचा नाही. खारी डाव्या डब्यात. विचारलं तर आज ऑफ आहे.