घर-संग्रहालयात आलेल्या वस्तूची नोंद कशी करावी

स्थानिक इतिहास मंडळाच्या घर-संग्रहालयात अनेकदा वस्तू कपाटात जागच्या जागी असते, पण ती कोणी दिली, भेट होती की उसनी, हे सांगणारा कागद सापडत नाही. म्हणून नोंद झाल्याशिवाय काहीही मांडणीत ठेवू नका.

आधी सही. मालकी मंडळाला दिल्याचं दानपत्र देणाऱ्याकडून लिहून घ्या. 'सध्या राहू द्या तुमच्याकडे' अशा तोंडी बोलीवर काही स्वीकारलं, तर पुढे वारस मागायला आल्यावर दाखवायला काही नसतं. उसन्या वस्तूला परतीची तारीख हवीच.

लाकूड, लोकर, कापड, पुस्तकं थेट आत नेऊ नका. पारदर्शक पिशवीत बंद करून निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. पिशवीत ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. लोकरीचं वा सुती कापड उणे २० अंशांवर दोन आठवडे गोठवता येतं. मात्र बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ गार कापडावर पाणी होऊन बसते. रंगवलेलं लाकूड आणि काचेवरची छायाचित्रं गोठवू नका.

क्रमांक तीन भागांचा ठेवा. २०२५.१४.३ म्हणजे २०२५ सालच्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. डबा आणि झाकण असेल तर ३अ, ३ब. वस्तू संग्रहातून काढली तरी तिचा क्रमांक दुसरीला द्यायचा नाही. नोंदवहीत साहित्य, सेंटिमीटरमध्ये उंची-रुंदी-खोली, ठेवण्याची जागा आणि देणाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत लिहा. 'जुनी खुर्ची' लिहून भागत नाही. 'उजव्या हातात तडा, मागचा डावा पाय नंतर जोडलेला' असं लिहिलं, तरच पुढचं नुकसान नवं की जुनं ते कळतं. संगणकावर नोंद असली तरी आम्लमुक्त कागदाची बांधीव वही हवी.

वस्तूवर क्रमांक घालताना सगळ्यात जास्त चुका होतात. चिकटपट्टी, बॉलपेन, रबरबँड यांना हात लावू नका. चिनी माती, काच यांवर, सहज न दिसणाऱ्या जागी, ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा नखाएवढा थर द्या. तो पूर्ण वाळला की रंगद्रव्याच्या शाईने आकडे लिहा. शाई सुकल्यावर वरचा थर ब्रशच्या एकाच फटक्यात द्यायचा. तोच ब्रश पुन्हा फिरवला तर ॲसिटोनने खालचा थर सुटतो आणि आकडे फराटतात. प्लॅस्टिक आणि रोगण लावलेल्या लाकडावर हा प्रयोग नको, ॲसिटोन पृष्ठभागच खातं. तिथे सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. कागदपत्रांवर मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलने, न दाबता लिहा. कपड्यांना क्रमांक लिहिलेली सुती फीत शिवणीच्या पट्टीत दोन-तीन सैल टाक्यांनी शिवा. टाके घट्ट पडले तर जुनं कापड तिथेच फाटतं.