फीची पावती फोडून मागा

पावतीवर नुसतं ‘शाळा शुल्क’ आणि एकच आकडा असेल तर काउंटरवरून हलू नका, ट्यूशन फी वेगळी लिहून मागा. जुन्या करपद्धतीत प्राप्तिकराच्या ८०सी कलमाखाली दोन मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते. बस, सहल, डोनेशन यांची नाही. आमच्या शाळेतल्या क्लार्कबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग दोन मिनिटांत दुसरी पावती काढून दिली. फक्त १.५ लाखांच्या मर्यादेत पीएफ, एलआयसीही येतात. त्यांनीच ही मर्यादा भरली असेल तर ही धावपळ फुकट. दोघं कमावते असाल तर ज्याची मर्यादा शिल्लक आहे, त्याच्या खात्यातून फी भरा.

मूल लहान असेल तर आधी आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातले प्रवेश बघा. विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा, आठवीपर्यंत मोफत. उत्पन्नाची अट वर्षाला एक लाखाची, वंचित गटांना तीही नाही. अल्पसंख्याक शाळा यात नाहीत, म्हणजे मुंबईतली बरीच कॉन्व्हेंट गेलीच. अर्ज भरताना नकाशावरची खूण मात्र अगदी आपल्या बिल्डिंगवरच ठेवा, नाक्यावर नको. शाळेचं अंतर तिथूनच मोजतात.