गावातल्या बालआरोग्य कार्यशाळेची तयारी

तारीख आधी, पाहुणे नंतर. सप्टेंबर हा २०१८ पासून पोषण महिना, म्हणून कार्यक्रम बहुधा त्याच सुमारास लागतो. आमच्या मराठवाड्यात तेव्हाच गौरी-गणपतीची धांदल आणि मागोमाग सोयाबीनची काढणी. एकदा काढणी लागली की मांडव कितीही मोठा घाला, बाया येणार नाहीत. बाजाराचा दिवस टाळा, आणि वेळ रोजंदारीवर जाणाऱ्या दोघीतिघींना विचारून ठरवा. अकराची वेळ सोयीची असते ती पाहुण्यांना.

बोलावणं आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर देतीलच, पण सासूबाईंना वेगळं सांगा. सहा महिन्यांच्या बाळाला काय भरवायचं हे पुष्कळ घरांत आजी ठरवते. ती नसेल तर सुनेला समजावलेलं चुलीपर्यंत पोचत नाही. बापांना ‘कार्यक्रमाला या’ म्हणू नका, ‘मुलाला वजनाला घेऊन या’ म्हणा. येतात.

वजनकाटा आदल्या दिवशी तपासायचा. लटकवायचा काटा असेल तर रिकामी झोळी अडकवूनच शून्य लावायचं. एका वर्षी आम्ही हे विसरलो आणि सकाळभर प्रत्येक बाळ झोळीच्या वजनाइतकं जास्त भरलं. सगळ्यांना परत बोलवावं लागलं. एक किलोच्या साखरेच्या पाच पुड्या घालून काटा पाच दाखवतो का ते बघा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, म्हणून सपाट टेबल आणि पाय धरायला दुसरं माणूस हवं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी: डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्ये, आवळायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; तिथून साडेबारापर्यंत पिवळं, म्हणजे मध्यम. रंग मोठ्याने पुकारू नका. चार बायांसमोर ‘लाल’ ऐकलेली आई पुढच्या वेळी मूल घरी ठेवून येते. लाल निघालेल्या मुलांसाठी आणि दोन्ही पावलांवर सूज असलेल्यांसाठी कुठे न्यायचं, गाडी कोणाची, हे आधीच ठरलेलं असू द्या.

भाषणाला दहा मिनिटं पुरे, उरलेला वेळ चुलीला. दोन वाट्या शेजारी ठेवा: एकीत वरणाचं वरवरचं पाणी, दुसरीत तांदूळ आणि मुगाच्या डाळीची घोटलेली खिचडी, वर चमचाभर तेल. आयांच्याच हातात चमचा द्या. तिरका केला की पाणी ओघळतं, खिचडी चमच्यावर राहते. पाण्याने पोट भरतं, अंगी लागत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. सामान गावातलंच घ्या. सफरचंद, बदाम मांडलेत तर बाया बघून जातील, करणार नाहीत.

ओआरएसची पाकिटं आणि एक लिटरची बाटली ठेवा. अख्खं पाकीट एका लिटरात, पेल्यात थोडं थोडं नाही, आणि ते पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. जुलाब झालेल्या मुलाला सोबत चौदा दिवस झिंक लागतं. जुलाब थांबले की लोक गोळ्या बंद करतात; तसं न करता चौदा दिवस पुरे करा, तेवढं ठासून सांगायला कुणाला तरी नेमा.

बाकी किरकोळ: प्यायचं पाणी, सतरंजी, उघडता येणारं स्वच्छतागृह (किल्ली कोणाकडे, ते विचारून ठेवा), अंगावर पाजायला आणि हिमोग्लोबिन तपासायला साडीचा आडोसा.

एक वही मात्र न आलेल्या मुलांची. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन त्यांच्या घरी जायचं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणारं घर असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत गेलंय का ते स्वतः बघा. नाहीतर कार्ड इथे कोनाड्यात राहतं आणि तिकडे कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) आलेल्या नर्सला कोणती लस झाली तेच कळत नाही.