पाणी ओसरल्यावर वस्ती किती लवकर सावरते? सोलापुरात हे मोजताना

आपत्तीच्या अभ्यासात येऊ पाहणारी मुलं बहुतेक वेळा आधी विचारतात, ‘सॉफ्टवेअर कुठलं शिकू?’ नकाशे करायचं क्यूजीआयएस शिका, एक्सेलवर हात बसवा. सुरुवातीला तेवढं पुरतं. डोकं खर्च होतं ते मोजायचं काय, हे ठरवण्यात.

नुकसान कुणाचं जास्त होईल हा एक प्रश्न आणि त्यातून कोण लवकर सावरेल हा दुसरा. पहिल्यासाठी भूगोलतज्ज्ञ सुझन कटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या काउंट्यांचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा, सामाजिक असुरक्षितता निर्देशांक मांडला. 42 चलं, म्हणजे मोजता येणाऱ्या बाबी, घेऊन त्यांनी ती 11 घटकांत बसवली. दुसऱ्यासाठी 2010 मध्ये त्यांच्याच गटाचा ‘ब्रिक’ हा सावरण्याची क्षमता मोजणारा निर्देशांक आला. दोन्ही मुळातून वाचा. पण घरात फोन आहे का, गाडी आहे का, अशा निर्देशकांवर उभी असलेली ती मोजपट्टी सोलापूरच्या पूर्व भागाला जशीच्या तशी लावू नका.

पूर्व भागात घर हेच कामाचं ठिकाण. कुठे पुढच्या खोलीत माग, कुठे उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई. घर स्लॅबचं, म्हणून जनगणनेच्या तक्त्यात त्याला चांगले गुण मिळतात. आता त्या घरात गुडघाभर पाणी शिरलं असं धरा. भिंतीला काही होत नाही. पण तेंदूपत्ता भिजतो, तंबाखू वाया जाते, विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये द्यायला माल उरत नाही आणि मजुरी बंद होते. मागाच्या मोटारीत पाणी गेलं तर दुरुस्तीला पैसे हवेत, आणि पैसे तर मागावरच मिळायचे असतात. म्हणून मी ‘नुकसान किती झालं?’ यावर भर देत नाही. हातात कागद घेऊन आलेला माणूस पंचनाम्यालाच आलाय असं लोकांना वाटतं आणि मदतीच्या आशेने उत्तर बदलतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी विचारते, ‘पुन्हा ब्रँचमध्ये विडी कधी दिली?’ हा दिवस बायकांच्या पक्का लक्षात असतो.

पाण्याचंही तसंच. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं आणि टाक्या. तक्त्यात ही नुसती उणीव दिसते. प्रत्यक्षात जलवाहिनी फुटली तरी या घरांचे पहिले काही दिवस निघतात. मात्र साठा जमिनीखालच्या हौदात असेल तर पुराचं घाण पाणी शिरून तो सगळा बाद होतो. त्यामुळे ‘साठा आहे का’ याच्या शेजारी ‘कुठे आहे’ हा रकाना हवाच.

शेजारधर्म मोजणं सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. जपानमधल्या जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपानंतर मानो या वस्तीत रहिवाशांनी बादल्यांची साखळी करून आग रोखली. तिथे कित्येक वर्षांची रहिवासी संघटना होती. जवळच्याच मिकुरात तसं झालं नाही आणि तिथे बरंच जळून गेलं. राज्यशास्त्राचे अभ्यासक डॅनियल अल्ड्रिच यांनी या फरकावर लिहिलंय. आपल्याकडे हे भिशीत आणि बचत गटात दिसतं. पण ‘सभासद आहात का?’ एवढं विचारून थांबू नका. ‘रात्री दहाला पाच हजार लागले तर कुणाचं दार वाजवाल?’ असं विचारा. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, म्हणून सोबत तेलुगू बोलणारी सहकारी असू द्या. मोडक्या मराठीत मिळालेलं उत्तर आणि घरच्या भाषेत मिळालेलं उत्तर यांत फार अंतर पडतं.

मग आकडेमोड. प्रत्येक निर्देशक 0 ते 1 मध्ये आणायचा आणि सरासरी काढायची, ही रूढ पद्धत. दवाखान्याची जवळीक 0.9 आणि कमाईची शाश्वती 0.1 असेल तर सरासरी 0.5 येते आणि वस्ती ‘मध्यम’ ठरते. दवाखाना जवळ आहे म्हणून मजुरी सुरू होत नाही! घटकांचे गुण सुटे दाखवा, एकच रंग भरलेला नकाशा देऊ नका. हाताशी असलेली जनगणना 2011 ची आहे आणि प्रभागांच्या हद्दी त्यानंतर बदलल्यात, हेही नकाशावरच लिहा.

सावरण्याशी ताडून न पाहिलेल्या निर्देशांकावर माझा विश्वास नाही. सप्टेंबर 2025 च्या पावसात सीना नदीच्या पुराने जिल्ह्यातली गावंच्या गावं वेढली. अशा वेळी आधीचे गुण कागदावर तयार हवेत. मग तीन आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी त्याच घरांत जाऊन कमाई, शाळा, कर्ज विचारायचं. कमी गुणांची वस्ती आधी उभी राहिली, तर वस्तीला नव्हे, आपल्या निर्देशकांना तपासायचं.

शिक्षणासाठी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, प्रशिक्षणासाठी पुण्यात यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था. 2005 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. तिथला जिल्हा आराखडा मागून वाचा. आणि पहिलं सर्वेक्षण पावसाआधी, मे महिन्यातच उरका, उन्हं उतरल्यावर, पण ब्रँचची वेळ सांभाळून. विड्या मोजून द्यायच्या घाईत असलेल्या बाईला थांबवलंत तर तिची त्या दिवसाची मजुरी अडेल.