रिऑर्ग चालू असताना कन्सोलवरचे संदेश कसे वाचावेत

झेड/ओएस या मेनफ्रेम प्रणालीवरील डीबी२ या डेटाबेसमध्ये एखाद्या मोठ्या टेबलस्पेसची (टेबलांची माहिती साठवणाऱ्या जागेची) पुनर्रचना, म्हणजे रिऑर्ग, सुरू झाली की रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे तासाभरात पहिला फोन येतो आणि त्यात एकच प्रश्न असतो: किती राहिले? या प्रश्नाचे उत्तर कन्सोलवरच मिळते. मात्र त्यासाठी संदेशातील ओळी योग्य क्रमाने वाचाव्या लागतात. बहुतेक जण सर्वप्रथम काउंटचा आकडा पाहतात, तो हलत नसल्यास घाबरतात आणि घाबरून केलेली कृती सकाळी निस्तरावी लागते. ऑपरेटरने आधी स्टेटस पाहावे, मग फेज, म्हणजे टप्पा पाहावा आणि काउंट शेवटी पाहावा, कारण काय करण्याची मुभा आहे हे टप्प्यावरून ठरते, आकड्यावरून नाही. (या लेखात आज्ञा आणि संदेशांची नावे देवनागरीत दिली आहेत, कन्सोलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि आपल्या उपप्रणालीच्या ठरलेल्या उपसर्गासह टंकावयाची आहेत.)

संदेशाच्या नावाची घडण एकदा समजून घेतली की पुष्कळ गोंधळ टळतो. डीएसएन ही तीन अक्षरे डीबी२ची खूण आहेत. त्यापुढचे अक्षर संदेश कोणत्या भागातून आला ते सांगते: यू म्हणजे युटिलिटी (रिऑर्गसारखे देखभालीचे काम), जे म्हणजे लॉग (बदलांची नोंदवही) व्यवस्थापक, आर म्हणजे रिकव्हरी व्यवस्थापक. शेवटचे अक्षर निकड सांगते. ए असेल तर तत्काळ कृती हवी, डी असेल तर तत्काळ निर्णय हवा, ई असेल तर पुढे केव्हातरी कृती हवी आणि आय असेल तर ती केवळ माहिती होय. रिऑर्गच्या बाबतीत मात्र या शेवटच्या अक्षरावर विसंबून राहू नये. लॉगचे काम मागे पडत असल्याचा इशारा देणारा डीएसएनयू३७७आय हा संदेश नावाने निव्वळ माहिती असला, तरी त्याकडे दुर्लक्ष केल्यास ठरलेल्या वेळेनंतर युटिलिटी स्वतःच निर्णय घेऊन मोकळी होते.

दुसरी गोष्ट अशी की रिऑर्गचे बहुतेक संदेश कन्सोलवर येतच नाहीत. अनलोड किती झाले, रिलोडला किती वेळ लागला, कोणता इंडेक्स बांधून झाला, हे सारे जॉबच्या सिसप्रिंट या आउटपुटमध्ये लिहिले जाते आणि ते एसडीएसएफ या जॉबचे आउटपुट दाखवणाऱ्या साधनातून उघडून पाहावे लागते. म्हणून कन्सोल शांत आहे याचा अर्थ काम अडले आहे असा होत नाही. चालू स्थिती हवी असेल, तर डिस्प्ले युटिलिटी ही आज्ञा द्यावी. कंसात तारांकन दिल्यास सर्व युटिलिटी दिसतात. युटिलिटी आयडी माहीत असल्यास तोच द्यावा, म्हणजे उत्तर आटोपशीर येते.

चालू युटिलिटीसाठी उत्तरात डीएसएनयू१०५आय आणि थांबलेल्या युटिलिटीसाठी डीएसएनयू१००आय हा संदेश येतो. त्यात जॉब चालवणारा युजर, डेटा शेअरिंग (अनेक उपप्रणालींनी एकच डेटा वापरणे) असल्यास सदस्य उपप्रणालीचे नाव, युटिलिटी आयडी, युटिलिटीचा प्रकार, टप्पा, काउंट आणि स्टेटस एवढी माहिती असते. डीएसएनयू११२आय आला, तर त्या नावाची युटिलिटी पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही किंवा तशी युटिलिटीच नाही, असे समजावे. रिऑर्ग संपली असा निष्कर्ष त्यावरून काढू नये, त्यासाठी सिसप्रिंटच पाहावे.

टप्प्यांचा क्रम साधारणपणे असा असतो: युटिलइनिटमध्ये तयारी, अनलोडमध्ये जुन्या जागेतून ओळी बाहेर काढणे, रिलोडमध्ये त्या नव्या क्रमाने भरणे, मग सॉर्ट आणि बिल्ड, किंवा दोन्ही एकत्र करणारा सॉर्टबिल्ड, म्हणजे इंडेक्सच्या किल्ल्या लावून इंडेक्स उभारणे. एसएचआरलेव्हल, म्हणजे रिऑर्ग चालू असताना इतरांना किती मुभा हे ठरवणारा पर्याय, चेंज असेल तर त्यानंतर लॉग (दरम्यानचे बदल उतरवणे) आणि स्विच (जुन्याच्या जागी नवी प्रत आणणे). एसएचआरलेव्हल रेफरन्समध्ये लॉग नसतो, पण स्विच असतो. एसएचआरलेव्हल ननमध्ये दोन्ही नसतात. शेवटी युटिलटर्ममध्ये आवराआवर होते. रिऑर्ग यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे पाळी सुरू होतानाच जॉबच्या नियंत्रण विधानातून पाहून वहीत लिहून ठेवावे. डिस्प्लेच्या उत्तराचा अर्थ या एका शब्दावर अवलंबून असतो. ननमध्ये अनलोड चालू असेपर्यंत इतरांना वाचता येते आणि रिलोडपासून टेबलस्पेस सर्वांसाठी बंद होते. रेफरन्समध्ये स्विचपर्यंत वाचता येते. चेंजमध्ये लॉगच्या शेवटच्या फेरीपर्यंत वाचता आणि लिहिताही येते, कारण सारे काम शॅडो, म्हणजे प्रतिरूप डेटासेटवर चाललेले असते.

काउंटविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. तो त्या टप्प्यात हाताळलेल्या नोंदींचा किंवा पानांचा आकडा आहे, टक्केवारी नाही. अनलोड आणि रिलोडमध्ये तो उपयोगी पडतो, कारण टेबलमधील एकूण ओळींची अंदाजे संख्या कॅटलॉगमधून (डीबी२च्या स्वतःच्या नोंदींतून) मिळते आणि दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा काउंट घेतला की गती काढता येते. सॉर्ट चालू असताना मात्र तो बराच वेळ जागचा हलत नाही आणि लॉग टप्प्यात तो सरळ शून्य दिसू शकतो. अशा वेळी एसडीएसएफच्या डीए पटलावर जॉबचा सीपीयू आणि आय/ओ वाढतो आहे की नाही ते पाहावे. दोन्ही वाढत असतील, तर काम चालू आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पहाटे मी वीस मिनिटे न हललेला काउंट पाहून जॉब थेट एमव्हीएसच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, कॅन्सल आज्ञेने मारला होता. ती एसएचआरलेव्हल नन रिऑर्ग होती, रिलोड झाले होते आणि इंडेक्सच्या किल्ल्यांचे सॉर्ट चालू होते. सकाळी व्यवहार सुरू झाले तेव्हा इंडेक्स वापरता येत नव्हते, आणि माझ्याऐवजी माझ्या वरिष्ठांना तासभर खुलासा करावा लागला.

खरा कस लागतो तो लॉग टप्प्यात. चेंज प्रकारात लोक मूळ टेबलस्पेसवर लिहीत असतात आणि रिऑर्ग त्यांच्या लॉग नोंदी फेरीफेरीने शॅडोवर उतरवत असते. या वेळी डिस्प्ले युटिलिटी दिल्यास डीएसएनयू१०५आयच्या जोडीला आणखी तीन संदेश येतात. डीएसएनयू३४७आय डेडलाइन सांगतो. डीएसएनयू३८४आय मॅक्सआरओ, लाँगलॉग आणि डीले (यांचे अर्थ पुढे येतात) यांची मूल्ये देतो. सर्वांत मोलाचा असतो डीएसएनयू३८३आय: त्यात कितवी फेरी चालू आहे, या फेरीत लिहिण्यास मुभा आहे की नाही, मागच्या दोन फेऱ्यांना किती वेळ लागला व किती लॉग नोंदी हाताळल्या गेल्या, चालू फेरीचा अंदाज काय आणि पुढच्या फेरीचा अंदाज काय, हे सारे येते. उदाहरणादाखल समजा, मागची एक फेरी चार मिनिटांची, तिच्यानंतरची दीड मिनिटाची आणि पुढचीचा अंदाज चाळीस सेकंदांचा आहे. म्हणजे रिऑर्ग लिहिणाऱ्यांना गाठते आहे. याउलट फेऱ्यांचा वेळ दहा मिनिटांवरच रेंगाळत असेल, तर लिहिण्याचा वेग लॉग उतरवण्याच्या वेगाला तोडीस तोड आहे आणि शेवट जवळ नाही, असे फोनवर निःसंकोच सांगावे.

मॅक्सआरओ म्हणजे शेवटच्या, केवळ वाचनाची मुभा असलेल्या फेरीला सहन करता येईल असा कमाल वेळ. काही न दिल्यास तो ३०० सेकंद धरला जातो. पुढच्या फेरीचा अंदाज त्याच्या खाली आला की रिऑर्ग लिहिणाऱ्यांना थांबवून शेवटची फेरी सुरू करते. मॅक्सआरओला डिफर दिले असेल, तर रिऑर्ग आपण सांगेपर्यंत फेऱ्या घेत राहते. रात्री दोनच्या शांत वेळेतच स्विच हवा असल्यास ही सोय फार चांगली आहे, फक्त त्या वेळी ऑल्टर युटिलिटी देऊन मॅक्सआरओला खरा आकडा देण्याचे काम कुणाच्या तरी नावावर नोंदलेले असावे. ते नोंदलेले नसेल, तर सकाळी नऊ वाजताही रिऑर्ग लॉग टप्प्यातच दिसेल.

डीएसएनयू३७७आय कन्सोलवर आला की घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. लॉगच्या फेऱ्या पुरेशा आकसत नाहीत असे रिऑर्गला वाटले म्हणून तो आलेला असतो आणि त्या क्षणापासून डीलेची मुदत, म्हणजे काही न दिल्यास १२०० सेकंद, सुरू होते. मुदत संपली की लाँगलॉगमध्ये जे लिहिले असेल ते होते: कंटिन्यू असल्यास फेऱ्या चालूच राहतात, टर्म असल्यास रिऑर्ग स्वतःला संपवते, ड्रेन असल्यास लिहिणाऱ्यांना थांबवून शेवटची फेरी सुरू होते. या वीस मिनिटांत डीबीएला (डेटाबेस प्रशासकाला) उठवावे आणि ऑल्टर युटिलिटीने मूल्ये बदलायची की अवजड बॅच जॉब थोडा थांबवायचा, हे त्याला ठरवू द्यावे. ही वीस मिनिटे वाट पाहण्यासाठी नसून डीबीएला गाठण्यासाठी आहेत.

स्विचच्या उंबरठ्यावर दुसरी अडचण येते ती ड्रेनची, म्हणजे वापरणारे बाहेर पडून टेबलस्पेस मोकळी होण्याची. टेबलस्पेस वापरणारा प्रत्येक व्यवहार तिच्यावर क्लेम (वापरात असल्याची खूण) धरतो आणि कमिटला, म्हणजे काम पक्के करताना, सोडतो; विथ होल्ड (कमिटनंतरही उघडा राहणारा) कर्सर उघडा असेल, तर कमिटनंतरही क्लेम टिकतो. रिऑर्गला सर्व क्लेम सुटेपर्यंत थांबावे लागते. न सुटल्यास डीएसएनयू११२२आय हा संदेश येतो आणि कोणत्या टेबलस्पेसचे ड्रेन जमले नाही, कितवा प्रयत्न होणार आहे आणि किती सेकंदांनी, हे सांगतो. येथे बारकावा असा की ड्रेन ताटकळत असताना नवे क्लेमही त्याच्यामागे अडकतात, त्यामुळे एका विसरलेल्या, कमिट न केलेल्या वाचकापायी अनेक व्यवहार वजा ९११ (व्यवहार मागे घेतल्याचा त्रुटी संकेतांक) घेऊन परततात आणि ॲप्लिकेशनचे लोक रिऑर्गला दोष देतात. तेव्हा डिस्प्ले डेटाबेसला क्लेमर्स हा पर्याय जोडून क्लेम कोणाचा आहे ते पाहावे. फार वेळ कमिट न केलेल्या व्यवहारांबद्दल डीएसएनआर०३५आय आधीपासून ओरडत असेल, तर बहुधा गुन्हेगार तसाच एखादा व्यवहार असतो. त्याचा थ्रेड (डीबी२शी असलेली जोडणी) रद्द करणे हे ऑपरेटरने आपल्या मनाने करू नये. मालक संघाची लेखी संमती घ्यावी. ड्रेनची वेळ संपून रिऑर्ग अयशस्वी झाली, तर संसाधन उपलब्ध नसल्याच्या संदेशात ००सी२००ईए हा कारण संकेतांक दिसतो आणि अयशस्वी होण्याचे कारण क्लेमच होते हे निश्चित होते.

आता स्टेटस. ॲक्टिव्ह असेल तर युटिलिटी चालू आहे. स्टॉप्ड असेल, तर जॉब मेला आहे, पण डीबी२च्या नोंदीत युटिलिटी अजून जिवंत आहे आणि तिने टेबलस्पेस अडवून धरली आहे. जॉब कॅन्सल केला की सारे सुटते, हा समज चुकीचा आहे. पुढे रिस्टार्ट करायचे की टर्म युटिलिटी (युटिलिटी कायमची संपवणारी आज्ञा) द्यायची, हे टप्पा पाहून ठरते. चेंज किंवा रेफरन्समध्ये स्विचपूर्वी टर्म दिल्यास फक्त शॅडो वाया जातो आणि मूळ माहिती जशीच्या तशी राहते. ननमध्ये अनलोडच्या वेळी टर्म निर्धोक असते, रिलोडमध्ये दिल्यास टेबलस्पेस रिकव्हर पेंडिंगमध्ये (माहिती परत मिळवेपर्यंत बंद) जाते, आणि इंडेक्स उभारले जात असताना दिल्यास इंडेक्स रिबिल्ड पेंडिंगमध्ये (पुन्हा बांधेपर्यंत बंद) राहतात. त्यातही नोसिसरेक हा पर्याय वापरला असेल, तर बाहेर काढलेली माहिती कुठल्याही डेटासेटमध्ये नसते आणि आधीच्या इमेज कॉपीशिवाय (टेबलस्पेसच्या बॅकअप प्रतीशिवाय) मार्ग उरत नाही. म्हणून अशा जॉबपूर्वी इमेज कॉपी झाल्याची खात्री केल्याखेरीज तो सोडूच नये. स्विच टप्प्यात टर्मचा विचार डीबीएशिवाय करू नये. चालू युटिलिटीला टर्म दिल्यावर ती लगेच थांबत नाही, पुढच्या कमिट बिंदूला थांबते. म्हणून आज्ञा पुन्हा पुन्हा देऊ नये.

इतरांना पाठवायचा स्थितिसंदेशही याच क्रमाने लिहावा. 'रिऑर्ग चालू आहे' एवढे लिहून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: '०१:४० वाजता ग्राहक खात्यांच्या टेबलस्पेसची रिऑर्ग लॉग टप्प्यात, तिसरी फेरी चालू, लिहिण्यास मुभा आहे, पुढच्या फेरीचा अंदाज चाळीस सेकंद, मॅक्सआरओ ३००, स्विचच्या वेळी टेबलस्पेस थोडा वेळ बंद राहील, पुढची पाहणी ०१:५५.' यात वेळ, टप्पा, वापरकर्त्यांना आत्ता काय करता येते आणि पुढची खबर केव्हा, या चार गोष्टी असल्या म्हणजे पुरे. संपण्याची वेळ फक्त अनलोड, रिलोड आणि आकसत्या लॉग फेऱ्यांतच सांगावी. पाळी बदलताना हा संदेश तोंडी सांगून भागत नाही. युटिलिटी आयडीसह तो हस्तांतराच्या नोंदीत असावा.

जॉब संपल्यावर सिसप्रिंटच्या शेवटी डीएसएनयू०१०आय असल्यास युटिलिटी पूर्ण झाली, डीएसएनयू०१२आय असल्यास ती मध्येच संपली. परतावा संकेतांक ४ असेल, तर त्यामागचा इशारा शोधून वाचावा. 'चारच आहे' म्हणून सोडू नये. डीएसएनयू२५२आयमधील अनलोड झालेल्या नोंदी आणि डीएसएनयू३०४आयमधील रिलोड झालेल्या नोंदी यांची संख्या जुळवून पाहावी. डिस्कार्ड (ठरावीक ओळी वगळण्याचा पर्याय) दिले नसेल, तर त्या जुळायलाच हव्यात. डीएसएनयू३८६आय आणि डीएसएनयू३८७आय यांवरून लॉग आणि स्विच टप्पे किती वेळात संपले ते कळते, आणि पुढच्या महिन्याच्या रिऑर्गसाठी वेळ मागताना हेच आकडे कामी येतात. त्यानंतर डिस्प्ले डेटाबेसला रिस्ट्रिक्ट हा पर्याय देऊन कोणतीही टेबलस्पेस किंवा इंडेक्स कॉपी पेंडिंग (नवी इमेज कॉपी घेणे बाकी), रिबिल्ड पेंडिंग वा युटीयूटी (युटिलिटीच्या ताब्यात) अवस्थेत उरलेला नाही ना, हे पाहावे. एसएचआरलेव्हल नन, लॉग नो (रिलोडच्या नोंदी लॉगमध्ये नाहीत) आणि सोबत इमेज कॉपी नाही, असा जॉब असेल, तर कॉपी पेंडिंग दिसणारच. अशा वेळी इमेज कॉपीचा जॉब सोडून, तो संपल्यावर पुन्हा एकदा रिस्ट्रिक्टचे उत्तर तपासूनच पाळी सोपवावी.