घरातील खोल्या पर्यटकांना देताना या चुका टाळा

मार्गशीर्ष लागला आणि सारंगखेड्याच्या दत्तयात्रेचे दिवस जवळ आले की मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. खोल्या रंगवून झालेल्या असतात, मोबाइलवरच्या बुकिंगच्या ॲपवर फोटो चढवलेले असतात, दोन कुटुंबांनी आगाऊ पैसेही भरलेले असतात, आणि मग विचारणा होते, "आबा, आता कागद कोणते लागतील?" ग्रामसेवक म्हणून माझी सगळी नोकरी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गेली आणि निवृत्तीनंतर घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांचे कागद जुळवून देण्याचे काम मी करतो. हा उलटा क्रम पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण पहिला पाहुणा येण्याआधी जे काम दोन-तीन आठवड्यांत सहज होते, तेच नोटीस आल्यावर वर्षभर पुरते.

सर्वांत मोठी चूक घर म्हणजे काय हे न समजण्याची आहे. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना असो किंवा केंद्र शासनाची होमस्टे वर्गीकरणाची योजना असो, दोन्हींचा पाया एकच आहे: घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहते आणि आपल्या राहत्या घरातील काही खोल्या पाहुण्यांना देते. केंद्राच्या योजनेत किमान 1 आणि कमाल 6 खोल्या, म्हणजे 12 खाटा, अशी मर्यादा आहे. हॉटेलला जे जाचक वाटते त्यातून घराला मोकळीक मिळते ती कुटुंब तिथे राहते म्हणूनच. मालक जळगावला राहतो, किल्ली शेजारच्या पोराकडे असते आणि पाहुणे परस्पर येतात-जातात, अशी जागा फलकावर काहीही लिहिले तरी होमस्टे होत नाही.

तोरणमाळचा प्रसंग मला विसरता येत नाही. शहाद्याकडच्या एका तरुणाने तिथे एका आदिवासी कुटुंबाचे चार खोल्यांचे घर नऊ वर्षांच्या कराराने घेतले. करार पाचशेच्या मुद्रांकावर होता, नोटरीचा शिक्का होता आणि खाली आजोबांचा अंगठा होता. तरुणाने दोन शौचालये बांधली, फरशी बसवली, पाण्याची टाकी चढवली आणि नोंदणीचा अर्ज भरून देण्यासाठी मला घाट चढून वर नेले. आम्ही अंगणात बसलो असताना त्या घरातली आजी कुंपणाबाहेर उभी राहिली आणि आतले जाते घेऊन जाऊ का, असे तिने त्या तरुणाला विचारले. जाते तिचे, घर तिचे, आणि ती परवानगी मागत होती. कुटुंब तोवर शेतातल्या झोपडीत राहायला गेले होते.

मी फक्त दोन प्रश्न विचारले. रात्री या घरात कोण झोपते, आणि जमीन कोणाच्या नावावर आहे? सातबारा मागवला तर इतर हक्कांच्या रकान्यात हस्तांतरणाच्या निर्बंधाची नोंद स्पष्ट होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 36अ प्रमाणे 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यापुढच्या व्यवहाराला राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. नऊ वर्षांचा तो नोटरी केलेला कागद म्हणजे बेकायदा व्यवहाराचा सहीशिक्क्यासह लिहून ठेवलेला पुरावा होता. वनहक्क कायदा 2006 खाली मिळालेली जमीन असती तर प्रश्न आणखी बिकट झाला असता, कारण ती वारसाने पुढे जाते, पण दुसऱ्याला देताच येत नाही.

तो तरुण म्हणाला, "काही व्हत नही आबा, सगळा असाच करतस." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा मला संताप येतो. त्याला घर परत करायला लावले. फरशी आणि शौचालयांचा खर्च बुडाला. पुढच्या वर्षी त्याच कुटुंबाच्या सुनेने स्वतःच्या नावाने दोन खोल्यांचा अर्ज केला, त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडला, आणि आता ती स्वतः भाकरी आणि डाळ करून पाहुण्यांना वाढते. तो तरुण तिच्याकडे पाहुणे पाठवतो आणि ठरलेला मोबदला घेतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा किंवा नवापूर या तालुक्यांत कोणी घर दाखवले, तर रंगाऐवजी आधी सातबारा पाहा. हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे.

दुसरी चूक ग्रामपंचायतीच्या कागदांची आहे आणि ती माझ्याच खात्यातली असल्याने तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. लोक तलाठ्याकडून 8अ चा उतारा आणतात आणि घराचा पुरावा म्हणून जोडतात. 8अ हा महसूल खात्याचा खातेउतारा आहे, त्यात तुमच्या जमिनी दिसतात, घर दिसत नाही. घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा नमुना 8. त्या नमुन्यात घराचे वर्णन, बांधकामाचा प्रकार आणि वापर लिहिलेला असतो. तुमच्या नमुना 8 वर "माती-विटांचे घर, दोन खोल्या" असे असेल आणि जागेवर स्लॅबच्या पाच खोल्या असतील, तर अर्ज तिथेच अडतो. वाढीव बांधकामाची आकारणी आधी करून घ्या. घरपट्टी वाढेल म्हणून लोक हे टाळतात आणि पुढे त्याच्या कितीतरी पट मनस्ताप भोगतात.

सरपंचांच्या लेटरहेडवरचे पत्र म्हणजे परवानगी, असाही एक समज आहे. मासिक सभेत ठराव झाला पाहिजे, त्याला क्रमांक आणि तारीख पाहिजे, आणि दाखल्यावर ती लिहिलेली पाहिजे. मी दाखला हातात घेतला की मजकूर नंतर वाचतो, ठराव क्रमांक आधी पाहतो. शिवाय ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला म्हणून शेतजमिनीवरचे घर आपोआप बिनशेती होत नाही. चोपडा, यावल, रावेर भागात केळीच्या मळ्यात घर असेल तर होमस्टेचा हट्ट न धरता शासनाच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करावी. त्यासाठी किमान 1 एकर शेती लागते आणि शेती खरोखर करावी लागते. जळगाव आणि धुळे शहरांत 2003 पासून महानगरपालिका आहेत, तिथे हेच काम मालमत्ता कर विभाग आणि नगररचना विभाग यांच्याकडे होते.

विजेच्या बाबतीत लोक फार निष्काळजी असतात. पहूरजवळ अजिंठ्याच्या रस्त्यावर एका गृहस्थांनी घरगुती मीटरवर चार वातानुकूलन यंत्रे लावली होती, मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या जोडणीला मान्य केलेला कमाल वापर, जुनाच होता आणि ते स्वतः शहरात राहत होते. भरारी पथक आले तेव्हा दाराशी दरपत्रकाचा फलक टांगलेला होता. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि असा वापर कधीपासून सुरू आहे हे ठरवता आले नाही तर ती मागील 12 महिन्यांची धरली जाते. एका उन्हाळ्याची त्यांची कमाई त्या एका बिलात गेली. निवासी दर मागायचा तर पर्यटन विभागाचे नोंदणीपत्र आणि कुटुंब तिथे राहते याचा पुरावा हाताशी लागतो. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज यंत्र बसवण्याआधी करा. दर महिन्याच्या 1 तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा, ही माझी स्वतःच्या घरातली सवय आहे.

अजिंठा पाहायला येणारे काही परदेशी पाहुणे जळगावात उतरतात. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारी रात्री आलेला पाहुणा मंगळवारपर्यंत थांबतो. त्याची माहिती आल्यापासून 24 तासांच्या आत विदेशी नोंदणीच्या संकेतस्थळावर भरावी लागते, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. एक रात्र असो वा दहा, पाहुणा मित्राचा मित्र असो वा पैसे देणारा, हे टळत नाही. संकेतस्थळावर घराचे खाते आधी उघडावे लागते, आणि पाहुणा दारात उभा असताना ते होत नाही. विदेशी नागरिकांविषयीच्या 1946 च्या कायद्याच्या जागी 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला आहे, तरी ही जबाबदारी मालकाचीच राहिली आहे.

सदनिकेत खोली देणाऱ्यांनी अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर विसंबू नये. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही हे खरे आहे, परंतु ते नियमित भाड्याने दिलेल्या सदनिकेसाठी आहे. रोज नवे पाहुणे आणणे हा वापरातला बदल आहे आणि त्यासाठी सोसायटीची लेखी संमती हवी.

जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी करा.

जीएसटीसाठी 20 लाखांची मर्यादा एका पॅनवरच्या एकूण उलाढालीची आहे. दुकानाची विक्री आणि गाळ्याचे भाडे त्यातच मोजले जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के दर आहे. नोंदणी नसलेल्या मालकाच्या खोलीवरचा कर बुकिंगचे संकेतस्थळ भरते, म्हणून त्यांचे मासिक विवरण डाऊनलोड करून ठेवा.

पाहुण्यांची नोंदवही मात्र हाताने लिहिलेली, पाने क्रमांकित केलेली आणि बांधीव असावी. नाव, कायमचा पत्ता, आल्याची आणि गेल्याची वेळ, ओळखपत्राचा प्रकार आणि सही एवढे पुरे आहे. आधारचा पूर्ण क्रमांक लिहून ठेवू नका, आकडे झाकलेली प्रत घ्या. मी वहीच्या पहिल्या पानावर ग्रामपंचायतीचा ठराव क्रमांक, नोंदणीपत्राचा क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख लाल शाईने लिहायला लावतो, आणि तपासणीला कोणी आले तर आधी तीच वही समोर ठेवायला सांगतो.