बाह्य मॉनिटर लुकलुकत असल्यास दोष कसा शोधावा
मॉनिटर दुरुस्तीला देण्यापूर्वी दोष त्याच्यात आहे की संगणकाकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये, हे ठरवून घ्यावे. त्यासाठी मॉनिटरवरील बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. हा मेनू मॉनिटरच तयार करतो. त्यामुळे मागचे चित्र लुकलुकत असताना तो स्थिर राहिला, तर संशय केबल, पोर्ट किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरवर (संगणकाची चित्र तयार करणारी चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जातो आणि तोही लुकलुकला, तर बॅकलाइट (पडद्यामागचा प्रकाश) किंवा वीजपुरवठ्यावर.

बहुतेक वेळा दोषी केबलच निघते, आणि नेमके तिच्याकडेच सर्वांत शेवटी लक्ष जाते. ती दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी, मधला अ‍ॅडॉप्टर वगळावा आणि शक्य असल्यास दुसरी, आखूड केबल लावून पाहावी. एचडीएमआय या चित्र-ध्वनी जोडणीच्या 2.0 आवृत्तीत 4के (3840 × 2160 बिंदूंचे) चित्र 60 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, पाठवण्यासाठी 18 गिगाबिट प्रति सेकंद क्षमतेची तरतूद आहे. जुन्या केबलला एवढा भार पेलला नाही, तर पडदा मधूनमधून काळा पडतो. रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजे होते तो दर) 30 हर्ट्झवर आणताच त्रास थांबला, तर केबल बदलावी.

विंडोजमध्ये चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारा टास्क मॅनेजरही इतर खिडक्यांसोबत लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर अद्ययावत करावा किंवा मागील आवृत्तीवर न्यावा. तो एकटाच स्थिर असेल, तर एखादे अ‍ॅप कारणीभूत असते. खेळांतील अंधाऱ्या दृश्यांतच त्रास होत असल्यास अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (खेळाच्या वेगानुसार रिफ्रेश रेट बदलणारी सोय) बंद करावे.

मॉनिटरचे झाकण मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक विद्युतभार राहू शकतो.